सोनेरी बोल्ट, पाच बार दाब

पोर्शे ९११ एससी ही गाडी १९७८ ते १९८३ या मॉडेल-वर्षांत बनली. तिचं मागचं झाकण उघडलं की नजर आधी इंजिनावरच्या मोठ्या पंख्यावर जाते, कारण हे इंजिन पाण्यानं नव्हे, हवेनं थंड होतं. पंख्याच्या आजूबाजूला पेट्रोलच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि नळीच्या टोकाला लहानसा पोलादी सांधा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा हे सांधे सोनेरी होते. नुसते पिवळे नव्हेत, जरा तिरपे धरले की हिरवट-गुलाबी झाक मारणारे. आज चाळीसहून अधिक वर्षांनंतर तेच सांधे करडे, डागाळलेले, कुठे पांढऱ्या भुकटीनं माखलेले तर कुठे सरळ तांबूस गंजलेले दिसतात.

गाडी नीट करायला घेतलेल्या माणसापुढे इथे प्रश्न येतो: हे सांधे काढून त्यांच्यावर नव्यानं प्लेटिंग करून घ्यायचं, की सगळे बदलून टाकायचे? माझं मत आधीच सांगतो. धातूचा सांधा आतून-बाहेरून धड असेल तर तो जपावा आणि त्याला मूळचाच मुलामा पुन्हा चढवावा. त्याला लागून असलेलं रबर आणि वॉशर मात्र कितीही चांगले दिसत असले तरी टाकून द्यावेत. पुष्कळदा नेमकं उलट होतं. बाहेरून दिसणारे बोल्ट नवे कोरे येतात आणि चार दशकं उकाड्यात शिजलेला होज पाइप ‘अजून मऊ आहे’ म्हणून तसाच राहतो.

असं का म्हणतो ते समजायला या नळ्यांतून काय वाहतं आणि किती जोरानं वाहतं ते पाहायला हवं. एससीमधली पेट्रोल पुरवण्याची पद्धत बॉश कंपनीची, के-जेट्रॉनिक नावाची. पोर्शेनं ती १९७३ च्या सुरुवातीला अमेरिकेत जाणाऱ्या ९११ टी मॉडेलला बसवली आणि ९११ टर्बोवर ती १९९४ पर्यंत टिकली. या पद्धतीत इंजेक्टर उघडझाप करत नाहीत. इंजिन चालू असेपर्यंत ते पेट्रोल सतत फवारत राहतात. किती फवारायचं हे ठरतं निव्वळ यांत्रिक रीतीनं. आत ओढली जाणारी हवा एका गोल तबकडीला उचलते, तबकडीची दांडी एका बारीक दट्ट्याला वर सरकवते आणि दट्ट्या जितका वर जाईल तितक्या सहा उभ्या फटी उघड्या पडतात. एकेका फटीतून एकेका सिलिंडरचं पेट्रोल जातं. या फटींची रुंदी आहे सुमारे ०.२ मिलिमीटर. फटीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांतला फरक ०.१ बार इतकाच राहावा अशी व्यवस्था आतल्या पोलादी पडद्यानं केलेली असते. मूळ रचनेत संगणक नाही, आणि तरी इंजिन सुरेख चालतं. या कारागिरीबद्दल मला फार आदर आहे.

कार्बोरेटरला पेट्रोल पाव बारच्या आसपास दाबानं दिलं तरी पुरतं. इथे पंपापासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतचा, म्हणजे या फटी ज्यात असतात त्या भागापर्यंतचा, दाब असतो सुमारे पाच बार. शिवाय इंजिन बंद केल्यावरही दाब लगेच उतरू द्यायचा नसतो. गरम इंजिनाशेजारच्या नळ्यांत दाब उतरला की पेट्रोलची वाफ होते आणि मग गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते. त्यासाठी वाटेत अक्युम्युलेटर नावाचा एक डबा असतो. त्यातली स्प्रिंग पेट्रोलला मागून रेटा देत राहते. म्हणजे एखादा सांधा ओल दिसणारही नाही इतका बारीक पाझरत असला, तरी त्याचा परिणाम दिसतो. चहाला थांबून परत आलेला माणूस स्टार्टर फिरवत राहतो आणि इंजिन काही पेटत नाही. अशा वेळी दोष इग्निशनमध्ये शोधला जातो, पंप बदलला जातो, आणि खरं कारण एखाद्या दबलेल्या वॉशरखाली असतं. अर्थात एकच कारण नसतं. पंपावरची एकमार्गी झडप किंवा अक्युम्युलेटर स्वतःही दाब सोडतो. पण सांधे आधी तपासावेत, कारण तपासायला ते सर्वांत स्वस्त.

आणि मोठी गळती असेल तर आग. ९११ मध्ये टाकी पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे पेट्रोल गाडीची जवळजवळ पूर्ण लांबी ओलांडून गरम इंजिनापाशी येतं. १९६८ ते १९७७ च्या बहुतेक ९११ गाड्यांत इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. एससीमध्ये ती पुन्हा अ‍ॅल्युमिनियमची झाली. मॅग्नेशियम एकदा पेटलं की पाणी मारून विझत नाही, उलट भडकतं. म्हणून पेट्रोलच्या सांध्यांवरचं काम हे शोभेचं काम समजू नये.

आता एक बँजो बोल्ट हातात घेऊन पाहू. वरून तो साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट. उलटा केला की कळतं, तो पोकळ आहे. टोकापासून आत भोक गेलेलं आणि मानेपाशी आरपार आडवं छिद्र. या मानेभोवती बसते नळीच्या टोकाची कडी. कडीच्या वर एक वॉशर, कडीच्या खाली एक. पेट्रोल नळीतून कडीत येतं, आडव्या छिद्रातून बोल्टच्या पोटात शिरतं आणि तिथून पुढच्या यंत्रात उतरतं. इथे पेट्रोल अडवायचं काम आटे करत नाहीत. ते दोन वॉशर करतात, आणि वॉशर ज्यांवर टेकतात ते चार सपाट पृष्ठभाग: बोल्टच्या डोक्याची खालची बाजू, कडीच्या दोन्ही बाजू आणि यंत्रावरची बैठक. म्हणून कुठलाही निर्णय घेण्याआधी ही चार वर्तुळं भिंगाखाली पाहावीत. त्यांवरून आडवं नख फिरवावं. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर तो बोल्ट बाद. प्लेटिंगचा थर साधारण ८ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या सव्वाशेव्या भागाइतका असतो. तो खड्डा भरून काढत नाही, फक्त झाकतो. झाकलेला खड्डा उघड्या खड्ड्यापेक्षा वाईट, कारण तो बसवणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

मुळात हे सांधे खोलतानाच निम्मे खराब होतात. गाडी रात्रभर उभी असली तरी नळीत दाब शिल्लक असू शकतो, हे आधी लक्षात ठेवायचं. बॅटरीची तार काढून ठेवायची, आसपास हीटर, दिवा, ग्राइंडर काही चालू ठेवायचं नाही, पावडरचा अग्निशामक हाताशी हवा. सांध्याभोवती जाड चिंधी गुंडाळून मगच तो हळूहळू सैल करायचा. आणि पाने दोन लागतात. एक पाना नटावर फिरवायला आणि दुसरा त्याच्या मागच्या षटकोनाला धरून ठेवायला. हा दुसरा पाना लावायचा कंटाळा केला की नटाबरोबर पूर्ण नळी पिळली जाते, किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये बसवलेलं युनियनच फिरून बाहेर येतं. नळीच्या नटाला साधा उघड्या तोंडाचा पाना लावला तर तो दोनच कडांवर जोर देतो आणि मऊ नटाचे कोपरे गोल होतात. त्यासाठी फ्लेअर नटचा वेगळा पाना मिळतो. नळी आत जाईल एवढी फट ठेवून तो नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरतो. गंजलेल्या सांध्याला आदल्या दिवशी भेदक तेल लावून ठेवलं तर निम्मं भांडण मिटतं. ज्वाला दाखवून सांधा सैल करायची सवय इथे विसरायची.

सांधे निघाले की आणखी एक गोष्ट घाई न करता पाहण्यासारखी असते. वॉशरखाली किंवा क्लिपखाली झाकलेल्या जागेत मूळचा मुलामा बहुधा शाबूत असतो. तिथला रंग म्हणजे त्या गाडीचा खरा पुरावा. एकाच इंजिनखान्यात सगळं सोनेरी नसतं. काही भागांवर रुपेरी जस्त, काहींवर काळा थर, काहींवर पिवळा. त्यात वर्षानुसार आणि भाग पुरवणाऱ्या कारखान्यानुसार फरक पडतो. सगळंच्या सगळं एका पिशवीत घालून पिवळं करून आणलं की इंजिन एखाद्या दुकानाच्या काचेत मांडल्यासारखं दिसतं आणि जाणकाराला ते लगेच खटकतं. म्हणून एकेका सांध्याचा, त्याच्या झाकलेल्या भागाचा, आणि बोल्टच्या डोक्यावर ठोकलेल्या खुणांचा फोटो प्लेटिंगला देण्याआधी काढून ठेवावा. जुना बोल्ट जपण्याचं माझं एक कारण या खुणा आहेत. बाजारात मिळणारा नवा बोल्ट मापाला बसतो, पण डोक्याची उंची, कडेची उतरण, खुणा वेगळ्या असतात. मूळ भाग एकदा भंगारात गेला की तो परत घडवता येत नाही.

हा सोनेरी रंग येतो कुठून? पोलादावर आधी विजेच्या साहाय्यानं जस्ताचा थर चढवतात. जस्त लोखंडापेक्षा अधिक सहज झिजतं, त्यामुळे थराला ओरखडा पडून पोलाद उघडं पडलं तरी आधी आसपासचं जस्त झिजतं आणि पोलाद वाचतं. सांध्यावरची पांढरी भुकटी म्हणजे हेच झिजलेलं जस्त. पांढरं दिसतंय तोवर संरक्षण चालू आहे असं समजावं. तांबूस दिसायला लागलं की जस्त संपलं आणि पोलादाची पाळी आली. जस्त स्वतः लवकर मलूल होतं म्हणून प्लेटिंग झालेला भाग काही सेकंद क्रोमेटच्या द्रावणात बुडवतात. आपल्याकडे भोसरी-चाकणच्या प्लेटिंगवाल्यांकडे याला पॅसिव्हेशन म्हणतात आणि गिऱ्हाइकाला ‘यलो की ब्लू’ एवढंच विचारतात. या बुडवण्यानं जस्तावर एक मायक्रॉनहून पातळ पापुद्रा तयार होतो. पिवळेपणा त्यातल्या क्रोमियमच्या संयुगांचा, आणि हिरवी-गुलाबी झाक पापुद्र्याच्या पातळपणाची. प्रकाश त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परततो आणि त्या दोन लाटा एकमेकींत मिसळून रंग उमटतात.

हा पापुद्रा ताजा असताना इतका मऊ असतो की बोटानं पुसला जातो. तो पक्का व्हायला दिवसभर द्यावा लागतो. आणि त्याला उष्णता सोसत नाही. साठ-सत्तर अंशांच्या वर तो कोरडा पडून बारीक तडकतो. गरम इंजिनाला चिकटून असलेले सांधे आधी निस्तेज होतात आणि थंड कोपऱ्यातले शेवटपर्यंत झळकतात, त्याचं एक कारण हे.

उष्णतेच्या या नाजूकपणामुळे प्लेटिंगच्या क्रमाला महत्त्व येतं. जुना थर आणि गंज काढायला भाग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात. तिथे, आणि पुढे प्लेटिंगच्या टाकीतही, हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला काही पोलादात मुरतो. मऊ पोलादाला त्याचं फारसं काही वाटत नाही. साधे बँजो बोल्ट, नळीचे नट बहुधा या वर्गात येतात. पण कडक केलेलं पोलाद यानं ठिसूळ होतं. थ्रॉटलची परतीची स्प्रिंग, सर्कलिप, १०.९ किंवा त्यावरच्या श्रेणीचे बोल्ट बसवताना ठीक वाटतात आणि काही तासांनी किंवा दिवसांनी ताणाखाली अचानक तुटतात. उपाय असा की प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत हे भाग १९० ते २२० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवायचे, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. क्रोमेटमध्ये बुडवायचं ते त्यानंतर. आधी पिवळं करून मग भट्टीत घातलं तर पापुद्रा जळून जातो, आणि भट्टीत घातलंच नाही तर स्प्रिंग दगा देते. हौशी माणसानं प्लेटिंगवाल्याला पिशवी देताना स्प्रिंगा आणि कडक बोल्ट वेगळे काढून तसं स्पष्ट सांगायला हवं. त्याच्याकडे रोज हजारो नट येतात. आपल्या पिशवीत थ्रॉटलची स्प्रिंग आहे हे त्याला आपोआप कसं कळणार?

दुसरा धोका काचेच्या मण्यांचा. गंज काढायला ब्लास्टिंग करतात. त्यात हवेच्या झोतानं काचेचे बारीक मणी भागावर मारले जातात आणि भाग काही क्षणांत मॅट, एकसारखा स्वच्छ होतो. हे मणी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे असतात. डिस्ट्रिब्युटरच्या फटीची रुंदी किती होती? ०.२ मिलिमीटर. बोल्टच्या पोटात अडकून राहिलेला एकच मणी पेट्रोलबरोबर वाहत गेला तर त्याच्यासाठी जणू मापाची जागा तयार आहे. गाळणी असते, पण ती डिस्ट्रिब्युटरच्या अलीकडे. गाळणीच्या पुढच्या सांध्यांतून जे सुटेल ते थेट त्या फटींपाशी पोचतं. म्हणून पोकळ भागांना ब्लास्टिंग करायचंच असेल तर दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद करूनच. मला विचाराल तर पेट्रोल ज्यातून वाहतं त्या भागांना ब्लास्टिंग करूच नये. पितळी तारांचा मऊ ब्रश, रॉकेलमध्ये भिजवणं आणि प्लेटिंगवाल्याचं आम्ल एवढ्यानं काम भागतं. थोडा वेळ जास्त जातो. शिवाय ब्लास्टिंग केलेल्या भागावर चढलेलं जस्त मळकट-मॅट दिसतं. मूळच्या भागांचा पोत त्याहून गुळगुळीत होता.

आट्यांचंही एक गणित आहे. ८ मायक्रॉनचा थर आट्याच्या दोन्ही उतारांवर बसतो, आणि ६० अंशांच्या आट्यात त्यामुळे आट्याचा मध्य-व्यास थराच्या चौपट, म्हणजे ३२ मायक्रॉननी वाढतो. बारीक आट्यांच्या बोल्टला एवढी वाढ जड जाते. प्लेटिंग करून आणलेला बोल्ट आधी हातानं फिरवून बघावा. दोन बोटांनी शेवटपर्यंत जात नसेल तर त्याला पान्यानं रेटू नये. डिस्ट्रिब्युटरचे आटे गेले तर नुकसान बोल्टच्या किमतीच्या कितीतरी पट.

जुन्या गाड्यांवर, विशेषतः अमेरिकी आणि ब्रिटिश गाड्यांवर, जस्ताऐवजी कॅडमियमचा मुलामाही भेटतो. कॅडमियम हा धातू जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश श्ट्रोमायर यानं १८१७ मध्ये जस्ताच्या संयुगातली अशुद्धी तपासताना शोधला. मुलामा म्हणून तो उत्तम. खाऱ्या हवेत जस्तापेक्षा जास्त टिकतो आणि आट्यांना जात्याच गुळगुळीतपणा देतो. पण तो जहाल विषारी आहे. जपानच्या तोयामा भागात खाणीतून नदीत उतरलेल्या कॅडमियमनं भातशेती विषारी झाली आणि माणसांची हाडं ठिसूळ होणारा ‘इताई-इताई’ रोग पसरला. म्हणून जुन्या मुलाम्यावर कोरडा सँडपेपर किंवा ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश चालवू नये, तो भाग तापवूही नये. मुलामा कशाचा आहे हे डोळ्यांनी सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येक जुना बोल्ट कॅडमियमचाच आहे असं धरून हातमोजे घालून ओलं काम करावं.

पिवळ्या क्रोमेटची गोष्टही फार वेगळी नाही. त्यातला षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघानं २००० साली केलेल्या निर्देशानं नव्या गाड्यांतून तो आणि कॅडमियम हद्दपार करायला घेतले, आणि आज नव्या गाडीचे बोल्ट त्रिसंयुजी क्रोमियमनं पॅसिव्हेट केलेले असतात. हा थर स्वभावतः निळसर-रुपेरी असतो. पिवळा हवा असेल तर त्यात रंग मिसळतात आणि मग तो एकाच छटेचा, सपाट पिवळा दिसतो. तो इंद्रधनुषी खेळ त्यात तितकासा उतरत नाही. जुन्या गाडीच्या शौकिनांना हा फरक बोचतो, ते मला समजतं. तरी घरच्या गॅरेजात, बादलीत षट्संयुजी क्रोमेट मिसळून तो रंग मिळवायचा प्रयत्न कुणी करू नये. उरलेलं द्रावण शेवटी गटारात जातं, आणि तिथून पुढे कुणाच्या विहिरीत जाईल हे आपल्या हातात नसतं. हे काम सांडपाणी प्रक्रिया असलेल्या परवानाधारक प्लेटिंगवाल्याकडेच द्यावं, नाहीतर सपाट पिवळ्यावर समाधान मानावं.

कार्बोरेटर असलेल्या ९११ गाड्यांत, आणि त्या काळच्या इटालियन-ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांतही, पितळी जोड आणि जेट असतात. पितळेला मुलामा लागत नाही, पण ते चकाकवण्याच्या नादात लोक अमोनिया असलेलं क्लीनर वापरतात. ते टाळावं. त्यामागे भारतातलीच एक जुनी हकिकत आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं इथल्या पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या पागांजवळ ती साठवलेली असत. मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, या तिन्हींच्या संगतीनं धातूला चिरा पडत. पावसाळ्याच्या मोसमात होतं म्हणून इंग्रजांनी या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव दिलं आणि धातुशास्त्रात ते आजही चालतं. दाबून घट्ट बसवलेल्या पितळी जोडात ताण असतोच. पितळ स्वच्छ करायला सौम्य सायट्रिक आम्ल पुरतं, म्हणजे घरगुती भाषेत लिंबूसत्व. नंतर भरपूर पाण्यानं धुवायचं.

आता टाकून द्यायच्या गोष्टी. ज्या होजला दोन्ही टोकांना पोलादी सांधे दाबून, म्हणजे क्रिंप करून बसवलेले असतात, तो होज लावलेला असताना प्लेटिंग करता येत नाही. आम्ल आत शिरतं आणि रबर जातं. आधी जुना होज काढायचा, पोलादी टोकं प्लेटिंग करून घ्यायची आणि मग हायड्रॉलिक होजचं काम करणाऱ्याकडून त्यांवर नवा होज क्रिंप करून घ्यायचा. ज्या गाड्यांत इंजेक्टरच्या नळ्या नायलॉनच्या आहेत तिथे नळी टोकाच्या खाचांवर घट्ट चढवलेली असते. ती सुरीनं लांबीच्या दिशेनं चिरून काढतात, पण सुरी खालच्या खाचांना लागली आणि त्यांवर आडवा ओरखडा पडला तर तोच पुढे गळतीचा रस्ता होतो. म्हणून नायलॉन पूर्ण न चिरता वरवर चिरायचं आणि उरलेलं गरम हवेनं मऊ करून सोलायचं. हे अर्थातच गाडीपासून दूर, पेट्रोल पूर्ण निथळून वाळल्यावर, बाकावर.

नव्या होजवर काय छापलंय ते वाचून घ्यावं. अमेरिकेच्या एसएई संस्थेच्या जे-३० मानकात आर-६, आर-७ हे वर्ग कार्बोरेटरच्या कमी दाबासाठी आहेत आणि आर-९ हा इंजेक्शनसाठी. आर-९ मध्ये आतला थर फ्लुओरो-रबराचा असतो. दिसायला दोन्ही काळेच, आणि दुकानदार विचारल्याशिवाय फरक सांगेलच असं नाही. क्लिपही तशाच बघून घ्याव्यात. भोकांच्या पट्टीची, स्क्रूनं आवळायची साधी क्लिप रबरात रुतून ते कापते. इंजेक्शनसाठीच्या क्लिपची पट्टी आतून सपाट आणि कडा बाहेर वळवलेल्या असतात.

आर-९ चा आग्रह धरण्याचं महाराष्ट्राशी थेट नातं असलेलं एक कारण आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत उसापासून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलं जातं आणि २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर सर्रास मिळू लागलं. ऊस पिकवणाऱ्याच्या दृष्टीनं ते चांगलंच. पण १९७८ चं नायट्राइल रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. त्यात ते फुगतं, मऊ पडतं आणि पेट्रोल सुकलं की आकसून तडकतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळाभर कोकणपट्टीत झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत ओल पुरेशी वाढली तर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप पेट्रोल ओढतो ते तळातूनच. पाणी मिसळलेलं इथेनॉल जस्ताला खातं, आणि के-जेट्रॉनिकच्या ओतीव लोखंडाच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये दट्ट्या गंजून जागीच अडकतो. म्हणजे आतून जस्त चढवलेला सांधा इथे फार दिवसांचा भरवसा देत नाही. ब्राझीलमध्ये १९७९ पासून पूर्ण इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांच्या कार्बोरेटरना निकेलचा मुलामा दिला जाई, तो याच कारणासाठी. विजेविना, रासायनिक रीतीनं चढवलेलं निकेल भोकाच्या आतही सारख्या जाडीनं बसतं, जे जस्ताच्या प्लेटिंगला जमत नाही. मग सगळे सांधे निकेलचेच का करू नयेत? कारण निकेल पोलादासाठी स्वतः झिजत नाही. त्याला टाचणीएवढं छिद्र राहिलं तर तिथे पोलादच गंजतं, तेही जोरात. शिवाय रंग पार वेगळा. रोज वापरात असलेल्या गाडीच्या लपलेल्या सांध्यांना मी निकेल देईन, दिसणाऱ्यांना पिवळं जस्तच. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मुलाम्याची चर्चा करण्याआधी टाकी रिकामी करेन.

वॉशर प्रत्येक वेळी नवे. अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की संपला. तांब्याचा वॉशर दाबानं कडक होतो, पण तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ पडतो. पोलाद असं केल्यानं कडक होतं, तांबं होत नाही. दुर्मिळ मापाचा वॉशर मिळेनासा झाला तर ही युक्ती कामाची. एरवी काही रुपयांचा नवा वॉशर घालावा.

जोडण्याआधी प्रत्येक पोकळ भाग आतून धुवायचा. प्लेटिंगचे क्षार बंद भोकात राहिले की आठवड्याभरानं पांढरे होऊन बाहेर येतात. आधी गरम पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग दाबाची कोरडी हवा, आणि शेवटी भाग उजेडाकडे धरून आरपार बघायचं. त्यानंतर बसवेपर्यंत तोंडाला टोपी. बसवताना पुन्हा दोन पाने, आणि दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला टॉर्क. बारीक बँजो बोल्ट पोकळ असल्यामुळे मानेत सहज तुटतो. मनगटाच्या अंदाजावर तो सोपवू नये.

चाचणी इंजिन सुरू न करता करायची. पंपाला वेगळी जोडणी देऊन तो एकटा चालवता येतो. फक्त त्या वेळी हवेच्या तबकडीला हात लावायचा नाही. ती उचलली गेली तर इंजेक्टर सिलिंडरमध्ये पेट्रोल ओतायला लागतात. डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणारा भाग) यांच्या मध्ये दाबाचं घड्याळ लावून रेग्युलेटरकडची वाट बंद ठेवायची, प्रत्येक सांध्याखाली कोऱ्या टिश्यू पेपरचा तुकडा ठेवायचा आणि पंप चालू करून पाच बारपर्यंत दाब येऊ द्यायचा. मग पंप बंद. काटा आधी थोडा उतरून स्थिरावतो, तेवढं चालतं. पुढच्या वीस-तीस मिनिटांत तो किती हलतो ते पाहायचं आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडायचं. कागद कोरडे असूनही काटा घसरत असेल तर शोध झडपेकडे किंवा अक्युम्युलेटरकडे वळवायचा.

कागद ओला झालेला सांधा आवळून बंद करायचा मोह होतो. एकदा, ठरलेल्या टॉर्कपर्यंत, जरूर आवळावा. तरीही ओल आली तर तो पुन्हा खोलावा, वॉशर फेकून द्यावा आणि बोल्टच्या डोक्याखालचं वर्तुळ नव्यानं भिंगाखाली धरावं. तिथे बहुधा एखादा आडवा ओरखडा सापडतो, किंवा प्लेटिंगची बारीक गुठळी. गुठळी सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर चार वर्तुळाकार फेऱ्यांत जाते. तेवढ्या पट्टीवरचं जस्तही जातं, पण ती जागा वॉशरखाली झाकलेलीच राहणार असते. ओरखडा असेल तर दुसरा बोल्ट घ्यायचा. पहिल्या लांब फेरीनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, हेच सगळे सांधे पुन्हा एकदा कागदानं पुसून बघायचे, कारण नवे वॉशर पहिल्या तापण्या-थंडावण्यात थोडे बसतात.